उत्तरकथेचा समुद्र : नरवाहनदत्ताचे चरित आणि सानुदासाची जलयात्रा

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद हे काळ्या मातीच्या मुलखातील गाव. तेथून कोणत्याही दिशेस निघाले तरी चारशे किलोमीटरांच्या आत समुद्र लागत नाही. अशा गावच्या वाचकाने बुडती जहाजे, तुफाने आणि सुवर्णद्वीपे यांच्या कथेत मन घालावे, याचे प्रथमदर्शनी नवल वाटेल. परंतु भारतीय वाङ्मयातील सागरकथांचा एक फार मोठा साठा ज्या ग्रंथपरंपरेत आढळतो, त्या बृहत्कथेच्या कर्त्याचे नाते दंतकथेने याच परिसराशी जोडले असावे, असे मानण्यास जागा आहे. सोमदेवाच्या कथासरित्सागरात गुणाढ्याची जन्मकथा येते. प्रतिष्ठान प्रदेशातील सोमशर्मा नावाच्या ब्राह्मणास वत्स व गुल्मक हे दोन पुत्र आणि श्रुतार्था ही कन्या होती. वासुकीच्या भावाचा पुत्र कीर्तिसेन याच्यापासून श्रुतार्थेस झालेला मुलगा तो गुणाढ्य. आता वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. कामसूत्रात वत्सगुल्मक लोकांचा निर्देश आहे आणि त्यावरील जयमंगला टीका सांगते की, वत्स व गुल्म हे दक्षिणापथातील दोन सख्खे भाऊ, राजपुत्र. त्यांनी वसविलेला तो देश वत्सगुल्मक. एका ठिकाणी हे दोघे राजपुत्र आहेत, दुसऱ्या ठिकाणी गुणाढ्याचे मामा. एवढ्यावरून गुणाढ्य वाशीमचा होता असे कोणी म्हणू नये. मात्र बृहत्कथेची जन्मकथा सांगणाऱ्यांच्या कानांवर वत्सगुल्म हे नाव होते, एवढे अनुमान सावधपणे करता येते. राजशेखरानेही काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह लावला तो विदर्भातील वत्सगुल्म नगरातच.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र गुणाढ्याचे गाव हा नसून त्याच्या कथेचे एक वैशिष्ट्य हा आहे. सातवाहन राजाने पैशाची भाषेतील ग्रंथ अव्हेरला, तेव्हा गुणाढ्याने अग्नी पेटवून एकेक पान वाचीत आगीत टाकले. वनातील पशू चरणे सोडून ते ऐकत उभे राहिले. सात लक्ष श्लोकांपैकी सहा लक्ष जळाले. उरलेले एक लक्ष त्याने शिष्यांच्या प्रीतीखातर राखले आणि ते होते नरवाहनदत्ताचे चरित. या दंतकथेतील अद्भुत भाग बाजूस ठेवला तरी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी उरते. नरवाहनदत्ताचे चरित ही आरंभीची कथा नव्हे. ती उत्तरकथा आहे. लोकांच्या जिव्हाळ्याची कथा त्याच्या पित्याची, वत्सराज उदयनाची. कालिदासाने मेघदूतात अवंतीच्या ग्रामवृद्धांच्या तोंडी ठेवली ती हीच, आणि भासाच्या नावावर असलेल्या दोन प्रसिद्ध नाटकांचा विषयही हाच. तेव्हा जिला आपण बृहत्कथा म्हणतो, ती आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः एका गाजलेल्या प्रेमकथेचा पुढचा भाग म्हणून.

उत्तरकथा लिहिणाऱ्यापुढे एक जुनीच अडचण असते. पहिल्या कथेतील माणसांवर वाचकाचा जीव जडलेला असतो आणि त्यांचा प्रश्न तर सुटून गेलेला असतो. विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने ही अडचण एका रीतीने सोडविली. उत्तररामचरितात त्याने तीच माणसे घेतली आणि त्यांच्या सुखालाच प्रश्न बनविले. बृहत्कथेने दुसरा मार्ग धरला. तिने मुलगा पुढे आणला आणि त्याला पित्यापेक्षा सर्व बाबतींत मोठे केले. उदयनास राण्या दोन, तर नरवाहनदत्तास, बुधस्वामीच्या हिशेबाने, सव्वीस. उदयन वत्सदेशाचा राजा, तर नरवाहनदत्त विद्याधरांचा भावी चक्रवर्ती. उदयनाची वीणा रानटी हत्तींना वश करी. मुलाची वीणा ऐकण्यास सारी नगरी लोटते. हा मार्ग सोपा आहे आणि म्हणूनच धोक्याचा आहे. मोठेपणा वाढविल्याने कथा वाढते, परंतु तिच्यातील भय नाहीसे होते. उदयन कृत्रिम हत्तीच्या सापळ्यात सापडून चंडमहासेनाच्या बंदिवासात पडतो तेव्हा पुढे काय होईल याची काळजी लागते. नरवाहनदत्त चक्रवर्ती होणार हे त्याच्या जन्माआधीच ठरलेले असते; त्याच्याविषयी काळजी कोणी करावी?

हा दोष सर्वांत ठळकपणे दिसतो तो समुद्राच्या प्रसंगी. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरची राणी सूर्यमती हिच्यासाठी रचलेल्या कथासरित्सागराच्या रत्नप्रभा लंबकात नरवाहनदत्त समुद्रापलीकडील कर्पूरसंभव नगराकडे निघतो. तेथील राजकन्या कर्पूरिका ही पुरुषद्वेषिणी आहे, असे त्याने एका तापसीकडून ऐकलेले असते. वाटेत त्याला राज्यधर नावाचा सुतार भेटतो. हा कांचीहून पळून आलेला कसबी माणूस एका ओसाड नगरात एकटाच राहतो आणि करमणुकीसाठी त्याने लाकडी यंत्रांची माणसे करून सारे नगर वसविले आहे. दुकानात वाणी लाकडी, रस्त्यात नागरिक लाकडी. हा प्रसंग सोमदेवाच्या उत्तम प्रसंगांत गणावा लागेल; त्या लाकडी गर्दीतील एकटेपणा तो एका शब्दाने न सांगता जाणवून देतो. पण पुढे काय होते? राज्यधर नायकास एक यंत्रविमान देतो आणि नायक समुद्र ओलांडून जातो. ज्या समुद्रासाठी वाचकाने इतकी वाट पाहिली तो पायांखालून निघून जातो, लाटेचा एक थेंबही नायकाच्या अंगावर उडत नाही.

या कथेत समुद्र खऱ्या अर्थाने येतो तो कर्पूरिकेच्या पूर्वजन्मात. ती त्या जन्मी हंसी होती. समुद्रकाठच्या वृक्षावर तिचे घरटे होते. लाटेने तिची पिले वाहून नेली. तिने शोक मांडला, तर हंस म्हणाला, आपण जगलो-वाचलो तर पिले आणखी होतील. त्या बोलण्याने तिचे मन पुरुषजातीवरून उडाले आणि तिने प्राण सोडला. असे दुःख कथेत आल्यावर तिचा नायक कसा पाहिजे? सोमदेवाचा नायक पूर्वजन्मीचा तो हंस आपणच, अशी बतावणी करतो आणि राजकन्या वश होते. गंभीर प्रश्न युक्तीने सोडविला की उत्तरकथा किती उथळ होते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. पुष्कळ रसिक या प्रसंगास चातुर्य म्हणतील. प्रस्तुत लेखकास तो हंसीचा दुसऱ्यांदा झालेला अपमान वाटतो.

त्याच ग्रंथातील शक्तिदेवाची कथा अधिक सरस आहे हे मान्य केले पाहिजे. कनकपुरी पाहिल्याची थाप मारणारा हा जुगारी ब्राह्मण पुढे खरोखरच ती शोधावयास निघतो. त्याचे जहाज तुफानात फुटते. पुढे निषादराज सत्यव्रत त्याला नावेतून घेऊन जातो आणि नाव भोवऱ्यात ओढली जात असता काठावरच्या प्रचंड वटवृक्षाची फांदी पकडण्यास सांगून स्वतः बुडतो. शक्तिदेव झाडावर रात्र काढतो आणि महापक्ष्याच्या पाठीवर लपून सुवर्णनगरीस पोहोचतो. पण हा शक्तिदेव उत्तरकथेचा नायक नव्हे. तो पुढे शक्तिवेग नावाचा विद्याधर होऊन बाल नरवाहनदत्ताच्या दर्शनास येतो आणि आपली हकीकत सांगून निघून जातो. अर्थात ज्यांचा समुद्राशी खरा संबंध येतो ती माणसे उत्तरकथेत पाहुणी आहेत.

या पाहुण्यांपैकी सर्वश्रेष्ठ म्हणजे चंपानगरीचा सार्थवाह सानुदास. त्याची कथा सोमदेवात नाही. ती आहे बुधस्वामीच्या बृहत्कथाश्लोकसंग्रहात. या ग्रंथाचे हस्तलिखित हरप्रसाद शास्त्री यांना १८९३ साली नेपाळात मिळाले आणि फेलिक्स लाकोत या फ्रेंच पंडिताने १९०८ पासून पॅरिस येथे तो प्रकाशित केला. बुधस्वामी उदयनाची प्रेमकथा सांगतच नाही. ती वाचकास ठाऊक आहे असे धरून तो चालतो. नायक स्वतःच्या तोंडाने, चक्रवर्ती झाल्यानंतर, ऋषींच्या आश्रमात आपले चरित सांगतो. नायिकेच्या बाबतीतही त्याचे धैर्य सोमदेवाहून मोठे आहे. काश्मीरच्या कवीने मदनमंचुकेची आई राजकन्या केली. बुधस्वामीची मदनमंजुका ही गणिकेची मुलगी आहे आणि तिच्या विवाहाचा प्रश्न त्यामुळे खराखुरा प्रश्न होतो.

चंपेत नायक येतो तो विद्याधरांच्या भांडणातून भूमीवर पडलेला, अनोळखी, ब्राह्मण असल्याची बतावणी करीत. त्या नगरीस वीणेचे वेड लागले आहे, कारण सानुदासाची कन्या गंधर्वदत्ता वीणावादनात जो सरस ठरेल त्यालाच मिळणार आहे. रस्तोरस्ती बेसूर तारा वाजत आहेत, आपापली कामे टाकून लोक वीणा कवटाळून बसले आहेत. नागर जीवनाची अशी थट्टा संस्कृतात विरळा. स्पर्धा जिंकल्यावर वराच्या मनात कन्येच्या कुलाविषयी शंका उभी राहते आणि तिचे उत्तर म्हणून अठराव्या सर्गात सानुदास आपले आयुष्य सांगतो.

हा सर्ग म्हणजे उत्तरकथेच्या पोटात वाढलेली दुसरीच कथा आहे. सानुदास हा सुखवस्तू वाण्याचा सद्वर्तनी मुलगा. ध्रुवक नावाचा मित्र त्याला उद्यानभोजनास नेतो आणि कमळांतील दुर्मिळ मध असे सांगून मद्य पाजतो. तेथून गंगदत्ता नावाच्या गणिकेच्या घरी पाऊल पडते. पिता मरतो, धन संपते आणि गणिकेच्या घरातून त्यास हुसकून दिले जाते. घरी यावे तर घर दुसऱ्याचे झालेले. शोध घेत तो नगराबाहेरच्या दरिद्री वस्तीत पोहोचतो. तेथे मोडक्या झोपडीत आई दिसते आणि ती रागावण्याऐवजी त्याला न्हाऊ-जेवू घालते. या ठिकाणी बुधस्वामीने एकही अलंकार वापरलेला नाही, म्हणून तो प्रसंग मनात राहतो. गमावलेल्या धनाच्या चौपट मिळविल्याशिवाय परत येणार नाही, अशी प्रतिज्ञा करून सानुदास ताम्रलिप्तीची वाट धरतो.

समुद्रात जहाज फुटते. फळीच्या आधाराने तो एका किनाऱ्यास लागतो. तेथे समुद्रदिन्ना नावाची तरुणी एकटीच राहत असते. तीही जहाज फुटून तेथे आलेली. आणि योग असा की, चंपेच्या सानुदासालाच ती पूर्वी देऊ केलेली होती. दोघे गुहेत राहतात, मोती वेचतात, आणि फुटलेल्या जहाजाची खूण म्हणून दिवसा ध्वज उभारतात, रात्री अग्नी पेटवितात. येथे अद्भुत असे काही नाही. नौकानयनाच्या व्यवहारातील खुणा ज्याला माहीत होत्या अशा माणसाने हे लिहिले आहे. ती खूण पाहून एक जहाज त्यांना उचलून घेते आणि तेही फुटते. समुद्रदिन्ना एकीकडे, सानुदास दुसरीकडे. सुखाच्या प्रसंगानंतर लगेच तोच घाला पुन्हा घालणे हे अकुशल कथाकाराचे लक्षण मानले जाते. पण समुद्रावर जगणाऱ्या वाण्याच्या दृष्टीने पाहता हीच गोष्ट सत्य ठरते: एकदा वाचलो म्हणून दुसऱ्यांदा बुडणार नाही, असा करार कोणी केलेला नसतो.

पुढे पांड्यदेशातील मथुरेत, म्हणजे मदुरेत, तो रत्नपरीक्षेच्या ज्ञानावर थोडे धन जोडतो आणि ते कापसात घालतो. कापसाला आग लागून सारे भस्म होते. वऱ्हाडच्या वाचकास या ठिकाणी टीकेची गरज पडणार नाही. गंजीस लागलेल्या आगीचा अर्थ आणि दोन-चार वर्षांची पुंजी एका रात्रीत कशी जाते याचा अनुभव या मातीत नवा नाही. जहाज फुटणे आणि कापूस जळणे या दोन घटना बुधस्वामी एकाच मापाने मोजतो. रिठदच्या माणसाला समुद्रकथा परकी वाटण्याचे कारण येथे उरत नाही, असे मला वाटते.

यानंतर आचेर नावाच्या म्होरक्याच्या टोळीबरोबर तो सुवर्णभूमीकडे निघतो. समुद्र ओलांडून पुढे वेतांच्या वेलींना धरून डोंगर चढावयाचा, वाकलेल्या वेळूच्या टोकाला लोंबकळून नदी पार करावयाची, आणि मग अजपथ: एकच बोकड जाईल एवढी कड्यावरची वाट. त्या वाटेवर समोरून दुसरी टोळी येते. मागे वळणे अशक्य. आचेरची आज्ञा होते आणि एकेक करून समोरची माणसे दरीत पडतात. सानुदासाच्या वाट्यास आलेला माणूस जीवदान मागतो. आपल्या वंशात आपण एकटेच उरलो आहोत, असे म्हणतो. सानुदासाचा हात थांबतो. आचेर त्याला खडसावतो. आणि अखेर तो समोरच्या बोकडाच्या पायांवर घाव घालतो. सोन्यासाठी निघालेल्या माणसाला सोन्याची किंमत येथे प्रथम कळते. मग ज्या बोकडांनी कडा ओलांडून दिला त्यांनाच मारून, त्यांची कातडी उलटी पांघरून, त्यांना मांस समजणाऱ्या भारुंड पक्ष्यांकरवी सुवर्णभूमीत जावयाचे ठरते. ज्याने आपला प्राण वाचविला त्याला कसे मारावे, असे सानुदास विचारतो. आचेरच्या उत्तरात कृष्णार्जुनसंवादाची छाया आहे, आणि ती बुधस्वामीने मुद्दाम आणली असावी. थोर वचन हलक्या कामास कसे जुंपता येते हे दाखविण्याची त्याची रीत अशीच आहे. आकाशात दोन पक्षी झुंजतात, कातडे फाटते आणि सानुदास एका सरोवरात पडतो. तेथे भरद्वाजाचा आश्रम आहे. ऋषी व विद्याधरी सुप्रभा यांची कन्या ती गंधर्वदत्ता. तिला मुलगी मानून, सुवर्ण घेऊन, तो चंपेस परततो.

याच कथेची दुसरी आवृत्ती आपल्या भाषेच्या पूर्वजेत, जैन महाराष्ट्री प्राकृतात आहे, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकाने विसरू नये. संघदासगणीच्या वसुदेवहिंडीत नरवाहनदत्ताच्या जागी कृष्णाचा पिता वसुदेव येतो आणि सानुदासाच्या जागी चारुदत्त. १९३०-३१ मध्ये भावनगरहून हा ग्रंथ छापला गेला, आणि हरवलेल्या बृहत्कथेचे हे एक नवे रूप आहे हे लुडविग आल्सडोर्फ या जर्मन पंडिताने दाखवून दिले. चारुदत्त चीन, सुवर्णभूमी, यवद्वीप, सिंहल असा मोठा प्रवास करून येतो आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ त्याचे जहाज फुटते. बोकडाच्या प्रसंगी मात्र दोन्ही कथाकारांचे मार्ग वेगळे होतात. चारुदत्त मरणाऱ्या बोकडास धर्म सांगतो, नमस्कारमंत्र ऐकवितो. बोकड शांतपणे मरून देव होतो आणि पुढे त्याचा सन्मान करतो. जैन कथाकाराने हिंसेचा डंख काढून टाकला, बुधस्वामीने तो तसाच ठेवला. धर्मकथा म्हणून पहिली परिणामकारक आहे. कथा म्हणून दुसरी मोठी आहे.

वसुदेवहिंडीलाही पुढे उत्तरकथा जोडली गेली, आणि तिची हकीकत बोधप्रद आहे. धर्मसेनगणी महत्तराने असे मांडले की, वसुदेवाने शंभर वर्षे भ्रमण करून शंभर विवाह केले, संघदासाने त्यांतील एकोणतीसच लंभ सांगितले, तेव्हा उरलेले एकाहत्तर आपण सांगतो. ही भर त्याने अखेरीस न घालता मध्येच गुंफली, म्हणून त्या ग्रंथास मध्यमखंड म्हणतात. त्याचा पहिला भाग १९८७ साली अहमदाबाद येथे ह. चू. भायाणी व र. म. शाह यांनी संपादून प्रसिद्ध केला. त्याच्या प्राकृत भाषेचे मोल भाषाभ्यासकास निःसंशय आहे. पण शंभराचा आकडा पुरा करण्यासाठी रचलेली कथा म्हटल्यावर तिची मर्यादा त्या आकड्यातच आहे. जेथे पहिल्या नायिकेचे नाव विसरण्याआधी तिसरी येऊन उभी राहते, तेथे प्रेमकथा नावापुरतीच उरते.

हा शेवटचा आक्षेप बुधस्वामीलाही लागू आहे. त्याच्या नायकाच्या स्त्रियांपैकी मदनमंजुकेला व्यक्तित्व आहे. गंधर्वदत्तेला वीणा आहे आणि तिच्यामागे सानुदासाची कथा आहे. पुढच्यांना बहुधा केवळ लग्न आहे. विचार करण्याचे काम गोमुखाकडे, संकटातून सोडविण्याचे अमितगतीकडे. नायकाकडे सुंदर दिसणे व वीणा वाजविणे एवढेच उरते. नायक स्वतःच, सिंहासनावर बसून, कथा सांगत असल्याने तो जगला-वाचला हे आरंभीच उघड होते. सानुदासही आपलीच कथा सांगतो, तोही जिवंत आहे. परंतु तेथे वाचकाचे लक्ष तो जगतो की नाही इकडे नसून, जगण्यासाठी त्याला काय गमवावे लागते इकडे असते.

सानुदासाच्या कथेत एक मोठा दोष आहे आणि तिचा गौरव करणाऱ्यांनी त्याचा विचार पुरेसा केलेला नाही. चंपेस परतल्यावर त्याला कळते की, पुष्कळसे नाटकच होते. मित्राने त्याला गणिकेच्या घरी नेले ते राजाच्या व आप्तांच्या संमतीने, अतिविरक्त मुलाला संसाराची गोडी लागावी म्हणून. आईचे दारिद्र्य हा देखावा होता. वाटेत भेटलेले साहाय्यकर्ते पढविलेले होते. आणि गंगदत्ता त्याची वाट पाहत एकनिष्ठ राहिली होती. समुद्रदिन्नाही सुखरूप भेटते. हा खुलासा वाचून झोपडीतील त्या प्रसंगास धक्का बसतो. जे आपण खरे म्हणून सोसले ते खोटे ठरविण्याचा अधिकार कथाकारास असतो काय, असा प्रश्न पडतो. त्याच्या बाजूने एवढे सांगता येईल की, आप्तांनी रचले ते नाटक जमिनीवरचे. समुद्र कोणी पढविलेला नव्हता, कापसाची आग कोणी लावलेली नव्हती, आणि अजपथावरून दरीत पडलेला तो एकुलता मनुष्य परत येत नाही. सर्व हरवलेली माणसे परत मिळत असताना बुधस्वामीने त्या एकाची वाट मोकळी ठेवली नाही. हे त्याच्या हातून सहज घडले की जाणूनबुजून, हे ठरविण्यास ग्रंथात आधार नाही. माझे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते, कारण आचेरच्या तोंडचा उपदेश इतक्या काळजीने लिहिणारा कवी हा मृत्यू विसरला असेल हे संभवत नाही.

बुधस्वामीचा उपलब्ध ग्रंथ अठ्ठाविसाव्या सर्गात मध्येच थांबतो. सव्वीस पत्नींपैकी थोड्याच तोवर आलेल्या असतात, मदनमंजुका परत मिळालेली नसते आणि विद्याधरांचे राज्यही दूरच असते. सानुदास मात्र अठराव्या सर्गातच घरी पोहोचलेला आहे.